न शिवता मोजलेली नाडी

दोन वर्षं मी रोज दुपारी अडीचच्या सुमाराला एका लोखंडी खुर्चीवर बसून मान उजवीकडे वळवायचो आणि माझ्या गळ्यावर, जबड्याच्या खाली, मसुरीच्या दाण्याएवढा लाल ठिपका पडायचा. त्याची ऊब लागत नसे, काही टोचत नसे. काळे पडदे ओढलेल्या त्या खोलीत समोरच्या टेबलावरची पेनाची सुई कागदाच्या पट्टीवर खरखरायला लागली की आपलं रक्त धावतंय, एवढंच कळायचं. ती खरखर आठवली की आजही मला माझ्या मानेची किळस येते. मान माझीच, रोज साबणाने धुतलेली. पण दोन वर्षं ती दुसऱ्याने वापरली आणि मी वापरू दिली.

ऐंशी सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट आहे. नाशिकच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होतो. बी.एस्सी. दुसऱ्या वर्गात पास झालेलो. वडील इगतपुरीला रेल्वेच्या गँगमध्ये होते. उभा जन्म घाटातल्या पावसात रुळाखालची खडी सारण्यात गेला. ते रिटायर झाल्यावर आम्ही नाशिकला राहायला आलो. आमच्या वसाहतीत बहुतेक घरं आमचीच, बौद्धांची. कारकून, शिक्षक, कारखान्यातले कामगार. कॉलेजात नोकरी लागलेला आमच्या गल्लीतला मी पहिला. त्यामुळे आई सगळ्यांना मी प्रोफेसर असल्याचं सांगायची आणि मी ते कधी खोडून काढलं नाही.

विभागप्रमुखांना सगळे नुसतं सर म्हणायचे. पन्नाशीचे, शिडशिडीत, पांढरा बुशशर्ट नेहमी इस्त्रीचा. हातात लाकडी फूटपट्टी असायची. फळ्यावर आकृती दाखवायला, मुलांना गप्प करायला, टेबलावरचा कागद पुढे ओढायला, सगळ्याला ती एकच पट्टी. शिकवायचे उत्तम. स्थानिक वर्तमानपत्रात अंधश्रद्धेविरुद्ध लेख लिहायचे. मला ‘अहो-जाहो’ करायचे, आवाज चढवायचे नाहीत. नोकरी लागली तेव्हा मी घरी सांगितलं होतं की साहेब देवमाणूस आहे. हे वाक्य मी किती घरांत जाऊन म्हटलं असेन, त्याची मला आता लाज वाटते.

अनुदानातून विभागाला हेलियम-निऑनची लेसर नळी मिळाली. हातभर लांबीचा धातूचा डबा आणि त्याच्या तोंडातून निघणारा सुईसारखा लाल किरण. पहिल्या दिवशी सगळा स्टाफ बघायला जमला. सरांनी परदेशी मासिकात एक लेख वाचला होता. लेसरचा उजेड कातडीवर पडला की परत येणाऱ्या प्रकाशात बारीक ठिपक्यांची नक्षी तयार होते, रव्यासारखी रवाळ. कातडी केसाच्या जाडीइतकी जरी हलली तरी ती नक्षी हलते. गळ्याखालची मोठी रक्तवाहिनी प्रत्येक ठोक्याला कातडी उचलते. म्हणजे ती नक्षी पकडता आली तर माणसाला हात न लावता, दोन-तीन फुटांवरून त्याची नाडी मोजता येईल. छातीवर किरण टाकला तर श्वाससुद्धा. सरांना पीएच.डी.साठी हाच विषय घ्यायचा होता. सर म्हणाले की उपकरण आपण इथेच बांधू, आणि बांधणार मी.

ते काम मला मनापासून आवडलं, हे कबूल केलं पाहिजे. मुंबई-आग्रा रस्त्यावरून ट्रक गेला की सगळं टेबल थरथरायचं आणि पट्टीवर नुसता चिखल उठायचा. म्हणून मी स्कूटरच्या चार जुन्या ट्यूबमध्ये अर्धवट हवा भरली, त्यावर लाकडाचं मोठं खोकं ठेवलं आणि खोक्यात गोदावरीची वाळू भरली. वाळू घाटावरून पोत्यात आणली, सात पाण्यांनी धुतली, कॉलेजच्या गच्चीवर वाळवली. त्या वाळूत लेसरचा स्टँड रोवला. फोटोडायोड म्हणजे प्रकाशाची वीज करणारा शेंगदाण्याएवढा तुकडा. त्याच्यासमोर टाचणीच्या भोकाचा पत्रा लावला, म्हणजे नक्षीतला एखादाच ठिपका आत जाईल. पुढे अॅम्प्लिफायर, त्याच्यापुढे पेनाचा रेकॉर्डर. तीन महिने नुसती खरखर. मग एका दुपारी पट्टीवर एकामागून एक सारख्या टेकड्या उमटायला लागल्या. त्या माझ्या टेकड्या होत्या. सर आनंदाने फूटपट्टी टेबलावर आपटत राहिले. शेजारी उभ्या असलेल्या तरुण व्याख्यात्याच्या पाठीवर त्यांनी थाप मारली. तो बिचारा फक्त चहा सांगायला आला होता.

माझ्या पाठीवर थाप पडली नाही, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही. मी खुर्चीत होतो, हललो असतो तर रेघ बिघडली असती, असं मी समजलो असेन.

पुढचं काम होतं ताडून बघायचं. यंत्र सांगतं त्या ठोक्यांचा खऱ्या नाडीशी मेळ बसतो का, हे दाखवल्याशिवाय कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. सरांनी पद्धत ठरवून दिली. मी मान वळवून बसायचं, डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवून स्वतःच स्वतःचे ठोके मोजायचे. सर स्टॉपवॉच घेऊन मिनिट संपलं की सांगणार, मी आकडा बोलणार, ते वहीत लिहिणार. मान जरा इकडेतिकडे झाली की फूटपट्टीचं टोक माझ्या हनुवटीपाशी यायचं. पट्टीसुद्धा लागायची नाही. वीतभर अंतरावरून नुसती दाखवायची. थोडं वर. थोडं डावीकडे. बस. असे माझ्या मानेचे शेकडो आलेख आम्ही काढले.

माझी बायको एका सरकारी प्रसूतिगृहात नर्स होती. एकदा तिची सकाळपाळी संपल्यावर ती माझा विसरलेला डबा द्यायला कॉलेजात आली. सर वर्गावर होते. मी तिला यंत्र दाखवलं, स्वतः बसून चालवूनही दाखवलं. तिला ते फार आवडलं. नऊ महिने भरलेली बाई कळांनी तळमळत असते, तिचा हात धरून मोजायचं म्हणजे कसरत असते, असं ती सांगत होती. मग तिने सहज विचारलं, “पण हे बरोबर आहे हे बघताना तुमची नाडी कोण धरतं?”

मी म्हणालो, “मीच.”

ती हसायला लागली. आम्हाला शिकवताना पहिल्या आठवड्यात सांगतात, म्हणाली, की रोग्याला स्वतःची नाडी मोजायला सांगू नये. तो मोजायला लागला की त्याचा श्वास बदलतो, ठोके बदलतात, आणि त्यात त्याला हवा तो आकडा सांगतो. साधी गोष्ट आहे. शेजारी माणूस उभा असताना असं कुणी करतं का?

“सर घड्याळ बघतात ना,” मी म्हणालो.

“घड्याळ एका हातात असतं,” ती म्हणाली. “दुसऱ्या हाताला काय झालंय?”

तिचं हसू हळूहळू ओसरलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या फूटपट्टीकडे, आणि डबा ठेवून ती निघून गेली. संध्याकाळी घरी तिने तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. पण मी जेवायला बसलो आणि दीड वर्षाच्या दुपारी एकेक करून वर यायला लागल्या, खराब अन्न पोटात गेल्यावर यावं तसं. मी पट्टी फाडून पुढे केली की सर म्हणायचे, ठेवा तिथे. मी टेबलावर ठेवायचो आणि मगच ते उचलायचे. पेनाची शाई, किल्ल्या, हजेरीचं बुक, सगळं ‘ठेवा तिथे’. चहा प्यायचे माझ्यासमोर, पण त्यांचा कप नेहमी शिपाईच आणायचा. दिवाळीला घरी बोलावलं होतं, तेव्हा फराळ कागदाच्या पुड्यात बांधून दारातच दिला होता आणि म्हणाले होते, घरी मुलांना घेऊन जा. मला तेव्हा मुलंच नव्हती.

ज्याला माणूस म्हणायचं तो असा नुसता आठवत बसत नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खुर्चीत जाऊन बसलो. मान वळवली, बोटं मनगटावर ठेवली आणि मिनिट संपल्यावर आकडा सांगितला. स्वतःची अशी घाण मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. मी मनाशी म्हणत होतो, शास्त्रज्ञ माणूस आहे, सवय असेल, एवढी नोकरी चांगली आहे, उगाच कशाला. हे सगळं मी मनातल्या मनात, सरांच्याच समजूतदार आवाजात म्हणत होतो.

त्यानंतर काही आठवड्यांनी सरांनी प्रात्यक्षिक ठरवलं. शहरातले डॉक्टर, कॉलेजच्या संस्थेचे लोक आणि वर्तमानपत्राचा माणूस यांना बोलावलं. माझं अक्षर चांगलं म्हणून पाटी रंगवायचं काम माझ्याकडे आलं. काळ्या फळीवर पांढऱ्या रंगात लिहायचं होतं, ‘अस्पर्श नाडीमापन यंत्र’. हा शब्द सरांनी स्वतः तयार केला होता आणि त्यांना त्याचा अभिमान होता. याच शब्दाच्या जवळचा दुसरा शब्द माझ्या आजोबांच्या वाट्याला आला होता, हे मला लिहिताना कळत होतं. तरी मी अक्षरं वळणदार काढली. अनुस्वार नीट गोल दिला. आजूबाजूला वेलबुट्टीसुद्धा काढली.

सर म्हणाले की माझे आलेख खूप झाले, आता एखादा वयस्कर माणूस हवा. किडकिडीत, गळ्याच्या शिरा दिसणारा. मांस नसलं की खूण स्वच्छ येते. “तुमच्या वस्तीत असतीलच,” ते म्हणाले. “आणा कुणाला तरी. आपण चहा-बिस्किटं देऊ.”

मी वडिलांना आणलं. दुसऱ्या कुणाला नेलं असतं तर त्याला काय काय बघावं लागेल याची मला धास्ती होती, आणि वडिलांना माझी नोकरीची जागा बघायची केव्हापासून इच्छा होती. दोन्ही कारणं खरी आहेत, पण खरं कारण एवढंच की मला नाही म्हणता आलं नाही.

प्रात्यक्षिकाच्या दोन दिवस आधी रंगीत तालीम झाली. वडील धुतलेलं धोतर, काळा कोट आणि टोपी घालून आले. खोलीत शिरताना त्यांनी चपला बाहेर काढल्या. खुर्चीकडे गेले तेव्हा सर म्हणाले, थांबा, आणि जुन्या वर्तमानपत्राचा एक ताव खुर्चीवर अंथरला. लेसरजवळ धूळ नको, म्हणाले. मी त्याच खुर्चीवर दोन वर्षं बसत होतो, खुर्चीवरची धूळ मीच पुसत होतो. वडील त्या कागदावर सांभाळून, तो चुरगळू नये अशा बेताने बसले. सरांनी फूटपट्टी वडिलांच्या हनुवटीपाशी नेली. थोडं वर. थोडं डावीकडे. मी वाळूच्या खोक्यामागे जाऊन स्टँड नीट करत असल्याचं नाटक केलं.

वडिलांचा आलेख विचित्र आला. चार टेकड्या सारख्या, मग एक घाईने आलेली बुटकी टेकडी, त्यामागे मोठी सपाट जागा, मग पुन्हा दोन सारख्या. असं सबंध पट्टीभर. मी सरांना दाखवलं. सरांनी पट्टीकडे पाहिलं आणि म्हणाले, म्हातारे हललेत. मी म्हणालो, हलले नाहीत, मी बघत होतो. ते म्हणाले की गिळलं असेल, खोकले असतील, या लोकांना स्थिर बसायची सवय नसते.

हे लोक. माझ्यासमोर, माझ्या बापाबद्दल.

मग त्यांनी मला कात्री घ्यायला सांगितलं. ज्या ठिकाणी रेघ नीट आहे तेवढे तुकडे कापून फळीवर चिकटवायचे, बाकीचं टाकून द्यायचं. मी कापलं. माझ्याच वडिलांच्या काळजाचे फळीवर न शोभणारे तुकडे मी कापून काढले आणि शोभणारे डिंकाने चिकटवले. वडील समोर बसून चहात बिस्किट बुडवून खात होते आणि मधूनमधून मला विचारत होते की काम बरं चाललंय ना. कापलेल्या पट्ट्या मी टोपलीत टाकल्या नाहीत, खिशात घातल्या. का ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

प्रात्यक्षिकाला पंचवीस-तीस माणसं आली. सर सुंदर बोलले. परदेशात काय चाललंय, आपण नाशिकमध्ये स्कूटरच्या ट्यूबवर काय केलंय. ट्यूबचं नाव काढल्यावर लोक कौतुकाने हसले. कुणी केलंय ते त्यांनी सांगितलं नाही. पडदे ओढले, लाल ठिपका वडिलांच्या गळ्यावर पडला, पेन चालू लागलं. वडील पुतळ्यासारखे बसले होते. दोन दिवस ते घरी भिंतीकडे तोंड करून न हलता बसायचा सराव करत होते.

मग सर म्हणाले, “याचा खरा उपयोग डॉक्टर मंडळींना आहे. खेड्यापाड्यांत, झोपडपट्ट्यांत काम करताना काय काय समोर येतं ते तुम्ही जाणता. खरूज, नायटे, अंगाचा वास. आता हात लावायची गरजच राहणार नाही. कुणीही येऊ दे.”

पुष्कळजण हसले. हसणारे वाईट नव्हते, चारचौघांसारखे होते. ते हसू मला म्हणूनच सहन होईना. वडिलांना पुढच्या रांगेतलं सगळं ऐकू येत होतं. ते हलले नाहीत. हललं तर रेघ बिघडते, हे मीच त्यांना पढवलं होतं.

पुढच्या रांगेत एक वयस्कर डॉक्टर होते, जाड भिंगांचा चष्मा, चुरगळलेला शर्ट. ते हसले नव्हते. ते पेनाखालची पट्टी वाकून बघत होते. ते उठले, सरळ वडिलांकडे गेले आणि म्हणाले, “बाबा, हात द्या बरं.”

सर लगबगीने म्हणाले, “डॉक्टर, त्याची आवश्यकता नाही, हेच तर आपण...”

डॉक्टरांनी ऐकलंच नाही. शेजारचं स्टूल ओढून बसत त्यांनी वडिलांचा हात आपल्या मांडीवर घेतला, तीन बोटं मनगटावर ठेवली आणि डोळे मिटले. खोलीत फक्त पेनाची खरखर होती. पुरती दोन मिनिटं ते तसेच राहिले. मग वडिलांच्या पायाच्या घोट्यापाशी अंगठ्याने दाबून पाहिलं. कातडीत खळगा पडला आणि तो तसाच राहिला. जिना चढताना दम लागतो का, असं त्यांनी विचारलं.

“लय लागतो,” वडील म्हणाले. “पन जुना हाय. काय नाय त्याचं.”

डॉक्टर सरांकडे वळून म्हणाले की तुमचं यंत्र चांगलं आहे, बोटांना लागतंय तेच दाखवतंय, ठोका चुकतोय. पण मग फळीवर चिकटवलेले हे आलेख कुणाचे? सर म्हणाले, याच गृहस्थांचे, निवडक. डॉक्टरांनी ‘निवडक’ हा शब्द पुन्हा एकदा हळू उच्चारला. मग मला बाजूला घेऊन, मी त्यांचा मुलगा आहे हे कळल्यावर, उद्या सकाळी यांना माझ्याकडे घेऊन या, उशीर करू नका, असं सांगितलं. जाताना त्यांनी माझ्या दंडाला धरून किंचित दाबलं.

वर्तमानपत्रात तिसऱ्या दिवशी बातमी आली. सरांचा फोटो होता, मागे माझी पाटी.

मधल्या काळात वडिलांना दवाखान्यात नेऊन आणलं होतं. हृदय मोठं झालं होतं, ठोके अनियमित होते, पायांवर पाणी उतरत होतं. गोळ्या चालू झाल्या. मी कॉलेजात परत गेलो तेव्हा सर खुशीत होते. मी खिशातून त्या कापलेल्या पट्ट्या काढल्या आणि टेबलावर पसरल्या. म्हणालो, सर, हे तुम्ही टाकायला सांगितलं होतं. माझे वडील मेले असते.

ते समजावणीच्या सुरात बोलू लागले. आपण डॉक्टर नाही. आपल्याला कसं कळणार. तुम्ही फार मनाला लावून घेता.

मी म्हणालो, “सर, माझी नाडी मोजा.”

“यंत्र चालू करू?”

“हाताने मोजा.” मी हात टेबलावर, पट्ट्यांवर, उताणा ठेवला.

त्यांना कळलं. चेहऱ्यावर आधी राग आला, मग खरोखरच दुखावल्यासारखे झाले. मी असलं काही मानत नाही, म्हणाले. आयुष्यभर मी याविरुद्ध लिहीत आलो. तुम्ही मला असं समजावं याचं वाईट वाटतं. आणि ते दाखवून देण्यासाठी त्यांनी फूटपट्टी खाली ठेवली आणि दोन बोटं माझ्या मनगटावर टेकवली. बोटं थंड होती. ती नाडीवर नव्हतीच, हाडाच्या बाजूला कुठेतरी होती. सात-आठ सेकंद झाली असतील. “चांगली आहे,” ते म्हणाले आणि हात काढून घेतला. मग ते अनुदानाच्या पुढच्या हप्त्याबद्दल, सुधारित यंत्राबद्दल, माझं नावही कुठेतरी घालता येईल याबद्दल बोलत राहिले, आणि बोलता बोलता त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि ती दोन बोटं पुसली. आधी एक, मग दुसरं. नखाच्या कडेपर्यंत. त्यांचं तिकडे लक्षसुद्धा नव्हतं. रुमालाची घडी घालून त्यांनी तो परत खिशात ठेवला आणि मला विचारलं, “मग काय म्हणता?”

मुद्दाम केलं असतं तर मी कदाचित अंगावर धावून गेलो असतो. पण त्या माणसाला आपण काय केलं हे माहीतच नव्हतं. त्याच्या बोटांना माहीत होतं. त्या इस्त्रीच्या बुशशर्टाच्या आत, त्या लेखांच्या खाली, ते इतकं खोल मुरलं होतं की त्याला तिथे हातच घालता आला नसता. मला ओकारी आली. शब्दशः आली. मी बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या नळापाशी ओकलो आणि तोंड धुऊन आत आलो. म्हणालो, बरं वाटत नाही, घरी जातो.

सहा महिन्यांनी बायकोने पेठ गावच्या सरकारी दवाखान्यात बदली मागून घेतली आणि मला तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायची जागा मिळाली. तोपर्यंत मी कॉलेजात होतो, हेही लिहायला हवं. राजीनामा फेकला वगैरे काही नाही. खुर्चीत बसायला मात्र मी नकार दिला. सर म्हणाले, हरकत नाही, पुरेसे आलेख जमले आहेत. त्यांचा प्रबंध पूर्ण झाला. नंतर कधीतरी एका जुन्या सहकाऱ्याकडे तो मी चाळून पाहिला. पानोपानी माझ्या टेकड्या होत्या. खाली लिहिलं होतं, ‘निरोगी पुरुष, वय अठ्ठावीस’.

ते आलेख खोटे नव्हते, हे मला आजही खुपतं. यंत्राने प्रामाणिकपणे काम केलं होतं. जे उमटलं ते उमटलं होतं.

वडील गोळ्यांवर पाच-सहा वर्षं जगले. पेठला आमच्याकडे राहायला यायचे, ओसरीवर बसायचे, आणि कुणी भेटायला आलं की त्यांची एक गोष्ट ठरलेली असायची. आपल्याला कॉलेजात बोलावलं होतं, शहरातले मोठमोठे डॉक्टर जमले होते, आपल्या गळ्यावर लाल दिवा लावला होता आणि पोराने बनवलेल्या मशीनने सगळ्यांसमोर आपलं काळीज कागदावर काढून दाखवलं. ते हे इतक्या अभिमानाने सांगायचे की ऐकणारा माझ्याकडे कौतुकाने बघायचा. त्यांना त्या दिवशी काय काय कळलं होतं आणि काय त्यांनी गिळून टाकलं होतं, हे मी कधी विचारलं नाही. एकदा बायको म्हणाली, विचारा तरी. मी म्हणालो, कशाला.

ते सांगत असले की मी मान हलवत हो हो म्हणायचो, आणि शेजारच्या माणसाला चहा घेणार का विचारून आत निघून जायचो.